हिरवी ओळ

माझ्या आईला घाबरायला कारण लागत नाही आणि मला चिडायला लागत नाही. आम्ही दोघी एका घरात राहतो, तेव्हा घरात काय चालत असेल ते तुम्हीच ठरवा. बारक्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, म्हणतो की मी बोटीवर नोकरी धरली ती तुम्हा दोघींच्या तोंडापासून लांब राहायला. म्हणू दे. चार-चार दिवस समुद्रात राहायचं, जहाजांना वाट दाखवायला पाण्यावर जी मोठी पिंपं तरंगत ठेवलेली असतात त्यांचे दिवे बदलायचे, आणि परत यायचं, असं त्याचं काम. बोटीवर माणसं तीनच. कप्तान, ज्याला घरचं कुणी नाही, इंजिनवाला आणि आमचा बारक्या.

किनारा सुटला की तासाभरात फोन बंद पडतो. म्हणून त्यांच्या कंपनीने एक वेबसाइट केली होती. कंपनी लहान, बोटी पाच, तेव्हा वेबसाइटवर ओळीही पाच. प्रत्येक बोटीवर एक डबा बसवलेला, तो दर अर्ध्या तासाने आपण आहोत एवढा संदेश पाठवतो. संदेश येत असले की त्या बोटीची ओळ हिरवी. दोन तास संदेश नाही आला तर पिवळी. सहा तास नाही आला तर लाल. घरच्यांनाही ते पान बघता यायचं. पिवळ्याला घाबरू नका, डबा कधीकधी डुलकी काढतो, पण लाल दिसलं तर लगेच ऑफिसला फोन करा, असं कंपनीनेच सांगितलेलं. त्यांच्या ऑफिसात एकच बाई, त्यांच्याकडेच पत्रव्यवहार, त्यांच्याकडेच फोन. चार जास्तीचे डोळे त्या पानावर असलेले त्यांना हवेच होते.

पिवळ्याला घाबरू नका हे माझ्या आईला सांगण्यात काय अर्थ होता. ती सकाळी उठली की लॅपटॉप उघडून त्या पानासमोर बसायची ती रात्री डोळे मिटेपर्यंत. ओळीच्या शेवटी 'शेवटचा संदेश इतक्या मिनिटांपूर्वी' असा आकडा असायचा, तो ती जपमाळ ओढावी तशी पुटपुटत राहायची. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना माझा फोन वाजायचा.

"पिवळं झालं गं."

"होतं तसं, आई."

"चार मिनिटं झाली."

"मग अजून चार होऊ दे."

दिवसातून पंधरा वेळा हे. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या. एका दुपारी ओळ पिवळी होऊन तास झाला आणि ती खुर्चीतून उठता उठता खाली पडली. शेजारणीने फोन केला तेव्हा मी दुकानातून तशीच पळत सुटले. आई जमिनीवर बसली होती, कपाळाला टेंगूळ, आणि मला बघून पहिलं काय विचारलं तर, "झालं का हिरवं?" तेव्हा झालेलं होतं. मी रडले आणि मग तिच्यावर ओरडले. आमच्याकडे हा क्रम ठरलेला आहे.

त्याच संध्याकाळी मी ते केलं.

त्याआधी माझी कला सांगायला हवी. आमच्या दुकानात अधू डोळ्यांची माणसं येतात. चष्मा कितीही चांगला दिला तरी काही वेबसाइटींवर अक्षरं मुंगीएवढी, पांढऱ्यावर फिकट करडी, आणि बाजूला जाहिराती नाचत असतात. तर मी ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडून द्यायला लागले. त्यात आपल्या चार ओळी लिहायच्या: अक्षर एवढं मोठं कर, मागचा रंग काळा कर, ही जाहिरात मला दाखवू नकोस. याला स्टाइल म्हणतात. मूळ वेबसाइट तशीच राहते, पण तुमच्या पडद्यावर ती तुमच्या मनासारखी दिसते. हे मी आपली आपण शिकले. गिऱ्हाइकं खूश, आमचे मालक खूश. आई सगळ्यांना सांगायची, माझी लेक वेबसाइटांना मेकअप करते.

बोटींच्या पानाला मी आईसाठी आधीच स्टाइल केली होती, मोठी अक्षरं, जाड ओळी. त्या संध्याकाळी त्यात आणखी दोन गोष्टी घातल्या. मिनिटांचा आकडा दिसेनासा केला. आणि बारक्याच्या बोटीची ओळ पिवळी असो की लाल, हिरवीच दाखव, असं लिहिलं. अशा ओळीच्या शेवटी एक शब्द लावला की मग वेबसाइटचं काही चालत नाही, आपलंच चालतं. तो शब्द लावला.

दुसऱ्या दिवसापासून आईचा फोन बंद. म्हणजे यायचा, पण दोन वेळा, आणि "हिरवं आहे गं, मी जरा पडते" एवढंच. गोळी पुन्हा एकावर आली. ती शेजारणीकडे जाऊन बसायला लागली, हसायला लागली. मला वाटलं, केवढं सोपं होतं हे, उगाच वर्षभर जीव काढला माझा. लाल व्हायची वेळ आलीच तर ऑफिस आहे ना बघायला, असा माझा हिशेब होता.

आणि मग सात महिने गेले, आणि मी ते विसरले. हे सांगताना मला आजही लाज वाटते, पण खरं तेच आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझंच खातं उघडलेलं असायचं, म्हणजे तिथेही माझ्या सगळ्या स्टाइल चालू. कोपऱ्यात बोटींचं पान असायचं, मी येता-जाता त्यावर नजर टाकायची आणि मलाही बरं वाटायचं. मीच केलेला हिरवा रंग बघून मलाच बरं वाटायचं.

त्या दिवशी बुधवार होता. बारक्याला जाऊन दोन दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमाराला एक शिंपीकाका आले, त्यांना बातम्यांच्या वेबसाइटवर काळी पार्श्वभूमी हवी होती. माझी पद्धत अशी की कुठलीही नवी स्टाइल लिहायच्या आधी सगळ्या स्टाइल बंद करायच्या आणि ते पान जन्माला आलं तसं उघडंवाघडं बघायचं. म्हणजे कुठे काय आहे ते कळतं. एक बटण दाबलं की सगळ्या बंद होतात, सगळ्या पानांवरच्या.

मी बटण दाबलं. शिंपीकाका बातम्यांचं पान बघत होते. माझं लक्ष कोपऱ्यात गेलं.

तिथे तिसरी ओळ लाल होती. तिसरी ओळ म्हणजे आमची. तिच्या शेवटी लिहिलं होतं, एकोणीस तास चार मिनिटांपूर्वी.

मला आधी काही समजलंच नाही. मी बटण परत दाबलं, हिरवी झाली. परत दाबलं, लाल. हिरवी, लाल. शिंपीकाका म्हणाले, "पोरी, काय झालं? पांढरी पडलीस." मी काउंटर धरून उभी राहिले. एकोणीस तास. म्हणजे काल दुपारी चारपासून. काल संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई म्हणाली होती, हिरवं आहे. रात्री जेवताना मी स्वतः बघून म्हणाले होते, हिरवं आहे.

आकडा बदलला. एकोणीस तास पाच मिनिटं.

मी मागच्या खोलीत, जिथे आम्ही काचा घासतो, तिथे जाऊन दार लावलं आणि ऑफिसला फोन लावला. मनात एकच चाललेलं, ऑफिसने काल रात्रीच बघितलं असेल, काल रात्रीच शोधपथक गेलं असेल, आम्हाला घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं नसेल. तसं असू दे. मला चार शिव्या देऊ देत, पण तसं असू दे.

ऑफिसातल्या बाईंनी फोन उचलला. माझा आवाज ओळखून म्हणाल्या, "बोला ताई, कशी आहे आई?"

"बाई, आमच्या बोटीचं काय झालं? तुम्ही पथकाला कळवलंय ना?"

"कसलं पथक?"

"ओळ लाल आहे. एकोणीस तास झाले."

"नाही हो ताई. पान माझ्यासमोरच आहे. हिरवी आहे की." त्या चक्क हसल्या. "तुम्हीच नाही का ते छान करून दिलंत मला, मोठ्या अक्षरांचं? त्या दिवसापासून माझं डोकं दुखायचं थांबलंय बघा."

दोन महिन्यांपूर्वी बारक्या जॅकेट घरी विसरून गेला होता, ते द्यायला मी त्यांच्या ऑफिसात गेले होते. बाई डोळे बारीक करकरून पडद्याकडे बघत होत्या. मला राहवतंय कुठे. मी म्हटलं, थांबा, आमच्याकडे तयारच आहे, पाच मिनिटांत लावून देते. आणि दिली लावून. आईचीच स्टाइल, जशीच्या तशी.

मी खाली बसले. काचा घासायच्या यंत्राशेजारी, ओल्या फरशीवर.

"बाई," मी म्हणाले, "पडद्याच्या वर उजव्या हाताला एक छोटं चौकोनी चिन्ह आहे. मी बसवलं होतं ते. त्यावर क्लिक करा. पहिलंच बटण आहे, ते बंद करा."

"का हो? पुन्हा ते बारीक होईल सगळं."

"बाई, करा."

माउसचा आवाज आला. मग नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता, आधी हळू, मग भराभर.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे काय आहे? हे काल रात्री दहालाच लाल झालं असणार. मी जाताना बघून गेले, सकाळी आल्यावर बघितलं. ताई, हे काय केलंत तुम्ही?"

"आधी पथकाला फोन करा," मी म्हणाले. "मला नंतर काय बोलायचं ते बोला."

त्यांनी फोन ठेवला. मी फरशीवरून उठले. तेवढ्यात हातातला फोन वाजला आणि मी दचकले. आईचा होता.

"हिरवं आहे गं," ती म्हणाली. "मी जरा पडते."

ती म्हणाली, "ऐकू येतंय का?" मी म्हटलं, हो. आणि फोन ठेवला. मालकांना एवढंच सांगितलं की बारक्याची बोट सापडत नाहीये. त्यांनी जा म्हणून हातानेच खूण केली.

दुकानापासून घर वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. त्या वीस मिनिटांत मी काय काय बघितलं ते माझं मला माहीत. प्रत्येक चौकात वाटत होतं, इथून परत फिरावं. बोट सापडली की मग जावं, सांगायची वेळच येणार नाही. मग वाटायचं, न सापडली तर? तिला हे ऐकून काही झालं तर? एकीकडे तो पाण्यात आणि दुसरीकडे ही जमिनीवर पडलेली, कपाळाला टेंगूळ. माझ्या भित्र्या आईला भीती वाटू नये म्हणून मी जे केलं होतं, तेच आता तिला जाऊन सांगायचं होतं. घराच्या कोपऱ्यावर मी भिंतीला टेकून दोन मिनिटं उभी राहिले.

आई पडली नव्हती. लॅपटॉपसमोर बसून शेजारणीचा फाटलेला अभ्रा शिवत होती. मला अवेळी बघून तिचे हात थांबले.

मी दारातच सगळं सांगून टाकलं. आत येऊन, पाणी पिऊन, तिला नीट बसवून सांगायचं असं ठरवलं होतं, पण तोंड उघडलं आणि सगळं एका दमात बाहेर पडलं. हिरवा रंग, एकोणीस तास, ऑफिस, पथक. तिची गोळी मी पर्समधून काढून हातात धरून ठेवली होती.

ती काही पडली नाही. तिने सुई अभ्र्यात खोचली, अभ्रा घडी करून बाजूला ठेवला.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सात महिने."

"म्हणजे सात महिने मी भिंतीकडे बघत बसले होते."

"आई, तू पडली होतीस. मला वाटलं की..."

"ते काढ," ती म्हणाली. "आत्ता काढ."

मी काढलं. अक्षरं बारीक झाली, ओळ लाल झाली. एकोणीस तास एकावन्न मिनिटं. आईने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या आकड्याकडे बघत बसली. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने आरडाओरडा केला असता तर मी सहन केला असता. मला ओरडणारी आई माहीत आहे, ही गप्प बसणारी बाई मला माहीत नव्हती, आणि मला तिची भीती वाटली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला घाबरू द्यायचं होतंस. मी दुसरं काय करू शकते त्याच्यासाठी? पोहता येत नाही, बोट हाकता येत नाही. तेवढंच माझ्या हातात होतं."

मी तिच्या पायाशी बसून राहिले. ऑफिसचे फोन येत होते. पथक निघालं. शेवटचा संदेश आला होता त्या जागी पोचलं. तिथे बोट नाही. वारा उत्तरेचा आहे, दक्षिणेला शोधताहेत. प्रत्येक वेळी फोन वाजला की आई आकड्यावरून नजर न काढता म्हणायची, "उचल." एकदा ऑफिसातल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मी साहेबांना सांगितलंय की आमच्या इथलं पान अडकलं होतं. तुमच्या त्या स्टाइलचं काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. मला घर चालवायचंय." मी हो म्हणाले. त्या वेळी कुणी काहीही म्हटलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

दुपारचे चार वाजले. चोवीस तास झाले आणि पानाने तासांचा आकडा काढून 'एक दिवस' असं लिहिलं. आई त्या दोन शब्दांकडे बघून पहिल्यांदा रडली.

साडेपाचला फोन आला. नंबर अनोळखी. मी उचलला आणि तिकडून वाऱ्याचा आवाज आला, आणि मग, "ताई?"

मी फोन स्पीकरवर टाकून आईसमोर धरला.

"बारक्या," आई म्हणाली. "कुठे आहेस?"

"पथकाच्या बोटीवर. बरा आहे मी, आई. तिघंही आहोत. काल दुपारी तारांनी पेट घेतला, सगळी वीज गेली, डबा गेला, वायरलेस गेला. प्रकाशाचे तीन बाण होते ते सोडले, कुणी बघितले नाहीत. इंजिनवाल्याचा हात चिरडलाय गं, आग विझवताना इंजिनखोलीतल्या अंधारात झाकण पडलं हातावर. फार वाईट आहे." तो बोलतच राहिला, लहानपणी पडून आल्यावर बोलायचा तसा. "मी रात्रभर त्याला सांगत होतो. म्हटलं, दहा वाजू दे, ओळ लाल होऊ दे, माझी आई ऑफिसवाल्यांचा जीव खाईल. दहाला म्हटलं, आता तिने फोन केला. बाराला म्हटलं, आता ते निघाले. तो विचारायचा, आता? मी म्हणायचो, आता वाटेत असतील. पहाटेपर्यंत तेच. आई, तू बघत होतीस ना? मग त्यांना इतका वेळ का लागला?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"लागला खरा," ती म्हणाली. "तू आधी घरी ये."

फोन बंद झाल्यावर तिने लॅपटॉप मिटला. "मी त्याला सांगणार नाही," ती म्हणाली. "तुझं तू सांग."

मी नाही सांगितलं. तो आला, दोन दिवस झोपला, उठला, जेवला, पुन्हा झोपला. मी रोज ठरवायची आज सांगू, आणि त्याचा चेहरा बघून उद्यावर ढकलायची. तिसऱ्या दिवशी इंजिनवाल्याचा उजवा पंजा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, रक्त फार वेळ पोचलं नव्हतं, रात्रीच आणलं असतं तर काही प्रयत्न करता आला असता. हे बारक्याने मला दवाखान्यातून येऊन सांगितलं, आणि मी भांडी घासत होते ती घासतच राहिले. त्यानंतर मला कुणाच्याही पावलांची भीती वाटायला लागली. दुकानाचं दार उघडलं की वाटायचं, कळलं. फोन वाजला की वाटायचं, कळलं. दुकानातल्या माझ्या सगळ्या स्टाइल मी पुसून टाकल्या, शिंपीकाकांची केलीच नाही. मालक म्हणाले, तब्येत बरी नसेल तर सुट्टी घे. घरी बसायचं तर आईसमोर बसावं लागलं असतं.

आठव्या दिवशी दार उघडलं आणि इंजिनवाल्याचे वडील आत आले. ते शाळेत मास्तर होते, सगळे त्यांना सर म्हणतात. इस्त्रीचा शर्ट, हातात चष्म्याचं घर. मागे एकदा आमच्या घरी आले तेव्हा आईनेच कौतुकाने मला पुढे केलं होतं, हिच्याकडून मेकअप करून घ्या पानाला, आणि मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवरही तीच स्टाइल लावून दिली होती.

माझ्या हातातली फ्रेम सुटली. मी ती उचलायला खाली वाकले आणि काउंटरच्या मागे तशीच थांबले. वर यायची हिंमत होईना.

"पोरी," सर म्हणाले, "माझे डोळे तपासून दे."

मी उभी राहिले. "नंबर वाढल्यासारखा वाटतोय का, सर?"

"नंबर नाही. रंग." त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "त्या रात्री दहा वाजता मी पान बघितलं होतं. झोपायच्या आधी बघतोच मी. हिरवं होतं. सकाळी सहाला उठून बघितलं, हिरवं. आता ऑफिसवाले म्हणतात, रात्री दहापासून लाल होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता म्हणे. असेल. पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये नव्हता ना. मग मलाच लाल ओळ हिरवी दिसली. वय झालं, डोळे गेले, आणि मला कळलंच नाही." त्यांनी रुमाल काढला आणि तोंड पुसलं. "मुलाकडे बघवत नाही मला. तो विचारत नाही, पण मला कळतं ना. तेवढं एकदा बघून सांग. दोष असेल तर कागदावर लिहून दे, मी त्याला दाखवीन. म्हणजे त्याला कळेल की बापाने हयगय नाही केली, बापाला दिसलंच नाही."

मालक बाहेर आले. त्यांना स्टाइलचं काही माहीत नव्हतं. त्यांनी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक काढलं, ज्यात रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात, आणि सरांना खिडकीपाशी बसवलं. सर शाळकरी मुलासारखे ताठ बसले. मालक पान उलटत गेले. "बारा," सर म्हणाले. "आठ. एकोणतीस. पाच." एकही चुकला नाही. एक तरी चुकू दे, असं मी मनात म्हटलं. हो, म्हटलं. एक चुकला असता तर मी सुटले असते.

"डोळे अगदी ठणठणीत आहेत तुमचे," मालक म्हणाले. "रंगात काही दोष नाही."

सर आनंदले नाहीत. ते पुस्तकाकडे बघत राहिले. "मग हिरवी कशी दिसली?" ते म्हणाले. "मग मी बघितलंच नसणार. बघितलं असं नुसतं वाटतंय मला. न बघताच झोपलो असणार."

मालक आत गेले. मी काउंटरमागून बाहेर आले, त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"तुम्ही बघितलं होतं, सर," मी म्हणाले. "ती ओळ मी हिरवी केली होती."

त्यांना सगळं सांगायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढीच वाक्यं लागतात याचंच मला आश्चर्य वाटलं. त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हात उचलतील. उचलला असता तर बरं वाटलं असतं.

"तुझ्या भावाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माझ्या मुलाला?"

"नाही."

सर उठले. खिडकीपाशी थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले. मग त्यांनी चष्म्याचं रिकामं घर खिशात टाकलं आणि दार उघडून धरलं.

"चल," ते म्हणाले. "या वेळी तो जागा असतो."